अमेरिकेचे दार आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा पाठ)



आपल्या चिटणीसांनी यंदाच्या भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे शुद्धलेखन किंवा मुलांचा अभ्यास यांपैकी काही सांगू अशी त्यांची समजूत होती. आम्ही अमेरिकेचे नाव काढताच ते किंचित हसले. त्यांचे हसणे रास्तच होते. जेमतेम मॅट्रिक झालेल्या आणि उभा जन्म फळ्यासमोर काढलेल्या माणसाने अमेरिकेच्या कायद्यांवर बोलावे, हे थोडे धाडसाचेच होय. परंतु आमच्याजवळ त्यास दोन कारणे आहेत. आपल्या विद्यार्थी-सहाय्यक निधीतून परदेशी, म्हणजे व्यवहारात अमेरिकेस, शिकावयास जाणाऱ्या मुलांना कर्ज द्यावे असा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे आला आहे, हे पहिले कारण. आणि दुसरे, मागील स्मरणिकेतील वधूवर-सूचनांची पाने उघडून पाहावीत. गोत्र आणि नक्षत्र यांच्या मागोमाग हल्ली व्हिसाचा प्रकार छापलेला असतो. ज्या अक्षरांचा अर्थ मुलीच्या बापास ठाऊक नाही, त्या अक्षरांवर मुलीचे लग्न ठरते. तेव्हा त्या अक्षरांमागे काय आहे, हे समजून घेण्याचा आम्ही यथामति प्रयत्न केला; त्याचे फळ आपणांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या महाराष्ट्रातून आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. त्या काळी व्हिसा नावाचा कागद नव्हता. बोटीचे भाडे आणि पलीकडे उतरून घेणारे कोणी सज्जन असले म्हणजे पुरे. आनंदीबाईंना अडथळा आला तो इकडून, स्वजनांकडून; अमेरिकेकडून नव्हे. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे येत नाही. त्या मजुरांनीच तेथील रेल्वे बांधण्यास हात लावला होता. एक दार उघडे असताना शेजारचे लावले जात होते. आणि आपण ज्या दारातून आत गेलो त्याचेच स्मरण ठेवले.

आपल्यासाठीही ते फार दिवस उघडे राहिले नाही. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी लाकूड-गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना जमावाने मारझोड करून गावाबाहेर घालविले. त्यांत बहुसंख्य शीख होते. १९१७ च्या कायद्याने आशिया खंडाचा मोठा भाग, हिंदुस्थानासह, प्रवेशास वर्ज्य ठरविला. आणि मग १९२३ चा तो खटला आला. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळात तो जरा थांबून सांगितला पाहिजे, म्हणून सांगतो.

भगतसिंग थिंद नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व गोऱ्या मनुष्यास किंवा आफ्रिकी वंशाच्या मनुष्यास मिळे. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद असा झाला की, आम्ही आर्य, त्यातही उच्च जातीचे हिंदू; आमचे रक्त शुद्ध; सबब आम्ही गोऱ्यांतच मोडतो. न्यायालयाने म्हटले की, पंडितांचे वंशशास्त्र काहीही असो, रस्त्यावरचा सामान्य मनुष्य ज्यास गोरा म्हणतो तोच गोरा. वंशावळ, कुळ, जात ही सर्व थैली तेथील न्यायमूर्तींनी न उघडताच परत केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, बाहेरून आलेले गृहस्थ होते, हेही ध्यानात घ्यावे. आपण येथे ज्या मोठेपणावर सुखाने बसलेले असतो त्याची किंमत समुद्र ओलांडताच किती उरते, हे त्या निकालात वाचावयास मिळते. आणि आम्हांस थिंद यांच्यासारख्या शूर मनुष्याचे वाईट एवढ्याचसाठी वाटते की, वर्णाचे कुंपण मोडा असे न म्हणता, मला कुंपणाच्या आत घ्या असे त्यांना म्हणावे लागले.

या निकालाने ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेतले गेले. सॅन फ्रान्सिस्को येथील व्यापारी वैष्णोदास बगई १९१५ साली बायकोमुलांसह तेथे गेले होते आणि १९२१ मध्ये नागरिक झाले होते. नागरिकत्व गेले, आणि नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परदेशीयास त्या राज्यात मिळकत बाळगता येत नसे. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी कलाबाई मागे राहिल्या, मुले वाढविली, पुढे पुष्कळ वर्षे जगल्या. आज बर्कली शहरातील एका रस्त्यास त्यांचे नाव आहे. थिंद यांनाही अखेर १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले, ते माजी सैनिक म्हणून.

१९४६ साली कायदा होऊन हिंदी लोकांना प्रवेशाचा व नागरिकत्वाचा हक्क मिळाला. किती जणांना? वर्षाला शंभर. एवढ्या मोठ्या देशास शंभर! तरीही त्या कायद्यामुळेच दलीपसिंग सौंद नागरिक होऊ शकले आणि १९५६ साली अमेरिकन लोकसभेवर निवडून आले. खरे दार उघडले ते ३ ऑक्टोबर १९६५ रोजी. अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून त्या कायद्यावर सही केली आणि वंश-देश पाहून वाटे ठरविण्याची १९२४ ची पद्धत रद्द झाली. नातलगांना प्राधान्य देण्याचे तत्त्व त्यात होते. कित्येकांचा हिशेब असा होता की, तेथे युरोपीय लोकच अधिक, म्हणजे नातलगही त्यांचेच येतील. परंतु युरोपियनांना घर सोडण्याचे कारण उरले नव्हते, आणि आपल्या डॉक्टर-इंजिनियरांना ते होते. पुढचे आपण जाणताच. १९७० साली अमेरिकेत परदेशी जन्मलेले लोक शेकडा ५ हूनही कमी होते; २०२३ पर्यंत ते शेकडा १४ च्या वर गेले. पूर्वी ही पातळी १९१० च्या सुमारास होती, आणि तेव्हाही दार लावण्याचीच चळवळ उभी राहिली होती. आजचा कोलाहल समजावयाचा तर हे दोन आकडे पुरेसे आहेत.

आता आजच्या वादाकडे येऊ. एच-वन-बी हा परवाना सध्याच्या स्वरूपात १९९० च्या कायद्याने आला. वर्षास ६५,००० जागा आणि तेथील विद्यापीठाची वरची पदवी घेणाऱ्यांसाठी आणखी २०,०००. त्यांतील शेकडा ७० हून अधिक आपल्या देशाच्या लोकांस मिळत आल्या आहेत. अर्ज जागांहून कितीतरी अधिक, म्हणून सोडत. मार्च २०२३ मध्ये साडेसात लाखांहून अधिक नोंदी झाल्या. त्यांतील चार लाखांवर नोंदी अशा मंडळींच्या होत्या की एकाच मनुष्याचे नाव दोन-दोन, चार-चार ठिकाणांहून घातलेले. अशा चिठ्ठ्या घालणाऱ्यांत आपलेच देशबांधव पुष्कळ होते हे नाकारून उपयोग नाही. पुढल्या वर्षी त्यांनी नियम बदलला आणि एका मनुष्याची एकच चिठ्ठी धरली.

अमेरिकनांची तक्रार काय, तीही शांतपणे ऐकली पाहिजे. २०१४-१५ च्या सुमारास फ्लॉरिडातील एका जगप्रसिद्ध करमणूक-कंपनीने आपल्या अडीचशेच्या आसपास संगणक-कामगारांना काढले, आणि जाण्यापूर्वी त्यांच्या जागी येणाऱ्या परदेशी माणसांना काम शिकवावे असे त्यांना सांगितले. ती परदेशी माणसे आपली मुले होती. आपल्या एखाद्या गिरणीत किंवा पेढीत वीस वर्षे खपलेल्या माणसास असे सांगितले असते तर आपण काय केले असते? मुंबईत १९६० नंतरच्या दशकात काय झाले ते आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. बाहेरच्याने आमची नोकरी घेतली, हे वाक्य आपण स्वच्छ मराठीत म्हटलेले आहे, आजही म्हणतो. तेच कोणी इंग्रजीत म्हटले की आपणांस ते द्वेषाचे वाटते. आम्ही हे टोचण्यासाठी म्हणत नाही. भूमिपुत्राचा हक्क येथे मागावयाचा आणि तेथे मात्र जगास कुंपण नसावे म्हणावयाचे, ही दुहेरी वजने आमच्या तराजूत बसत नाहीत, एवढेच.

परंतु तक्रार खरी असली म्हणून तिचे सर्व निष्कर्ष खरे ठरत नाहीत. १९८० साली क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसे अल्पावधीत मायामी शहरी आली. डेव्हिड कार्ड नामक अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये त्याचा अभ्यास करून दाखविले की, एवढी माणसे येऊनही तेथील मजुरी पडली नाही. दुसरे अर्थशास्त्रज्ञ बोर्हास, हे स्वतः क्यूबातून लहानपणी आलेले. त्यांनी पुढे तीच आकडेवारी पुन्हा तपासून सांगितले की, शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी चांगलीच पडली. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणून वाद मिटला असे नाही. आम्हांस यावरून एवढेच वाटते की, माणसे आली म्हणजे भाकरीचे तुकडे लहान होतात, हे गणित आमच्या चौथीच्या पुस्तकाइतके सरळ नाही. येणारा खातो तसा पिकवितोही. पण जो अगदी तळाशी आहे त्याच्या ताटाकडे कोणी पाहावयाचे, हा प्रश्न उरतोच.

सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी घोषणा करून नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरांचे शुल्क लावले. ती बातमी आली ती शुक्रवारी, आणि अंमल रविवारपासून. त्या शनिवारी सुटीवर इकडे आलेली किती मुले विमानाच्या तिकिटासाठी धावली, हे येथे बसलेल्या काही आयांना ठाऊक आहे. नंतर खुलासा झाला की, ज्यांच्याजवळ परवाना आहे त्यांना ते लागू नाही, आणि दरवर्षीही नाही. परंतु तो दीड दिवस ज्यांनी काढला तो त्यांनीच काढला. सोडतीत अधिक पगाराच्या नोकरीस अधिक संधी द्यावी अशीही योजना त्याच महिन्यात पुढे आली आणि वर्षअखेरीस नियमरूप झाली. ही दुसरी गोष्ट आम्हांस पहिलीइतकी अन्यायाची वाटत नाही. मात्र तिचा फटका नुकतेच शिकून बाहेर पडलेल्या कोवळ्या मुलांस बसणार, कारण पहिला पगार कोणाचाच मोठा नसतो. आपल्या निधीतून कर्ज मागणारी मुले नेमकी हीच.

ज्यांनी कायदा न जुमानता वाट धरली त्यांचे काय होते, तेही पाहू. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ हिंदी लोकांना अमृतसर येथे आणून सोडले. प्रवासात त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. त्यापूर्वी जानेवारी २०२२ मध्ये गुजराथेतील एक चौघांचे कुटुंब, नवराबायको आणि दोन लेकरे, कॅनडाची सरहद्द पायी ओलांडून अमेरिकेत शिरण्याच्या प्रयत्नात बर्फात गोठून गेले. ते काही भुकेने घर सोडलेले लोक नव्हते.  या गोष्टीवर आम्हांस अधिक काही बोलवत नाही.

आता ग्रीन कार्डाची रांग. ही गोष्ट आपल्या घराघरांत सर्वांत कमी समजली गेली आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घेतो. नोकरीच्या मार्गाने कायमचा रहिवास देण्याच्या जागा सर्व जगासाठी वर्षाला १,४०,०००. १९९० मध्ये ठरलेली ही संख्या आजतागायत तीच आहे. बायकोमुले त्यातच मोजली जातात. आणि कोणत्याही एका देशास शेकडा ७ हून अधिक देऊ नयेत असा नियम. म्हणजे साधारण ९,८००. इतरांच्या न वापरलेल्या उरल्या तर काही अधिक. हिंदुस्थान आणि आइसलंड यांना एकच वाटा. मागे उभे असलेले आपले लोक, कुटुंबांसह, दहा लाखांहून अधिक. २०२५ च्या अखेरीस तेथील सरकारी पत्रकात आपल्या देशाच्या दुसऱ्या वर्गासाठी २०१३ सालातील तारीख चालू होती. हा नियम कोण्या दुष्टाने केला असेही नाही. एका देशाच्या लोकांनीच सर्व जागा व्यापू नयेत हा त्यातील हेतू. तो काढून टाकावा असे विधेयक जुलै २०१९ मध्ये त्यांच्या लोकसभेत ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. वरच्या सभागृहाने डिसेंबर २०२० मध्ये निराळ्या शब्दांत संमत केले. आणि दोहोंचा मेळ बसण्यापूर्वी मुदत संपली. विरोध करणारे केवळ आपले द्वेष्टे नव्हते. रांग एक केली तर आम्हांसही तितकीच वर्षे तिष्ठावे लागेल, असे इतर देशांतून आलेले म्हणत होते. रेशनच्या रांगेत उभा राहिलेला कोणताही माणूस त्यांचे म्हणणे समजू शकेल.

आमचा एक पुतण्या या रांगेत आहे. २०१२ मध्ये तो सूनबाईसह न्यू जर्सी येथे गेला, तेव्हा थोरली मुलगी तीन वर्षांची होती. त्याचा रांगेतील अर्ज २०१६ चा. धाकटा मुलगा तेथेच जन्मला, म्हणून तो जन्मापासून अमेरिकन. तेथील घटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ ची. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी केलेली. त्या भूमीवर जन्मलेला, तेथील कायद्याच्या अधीन असलेला प्रत्येक जण नागरिक होय, असे ती सांगते. १८९८ साली वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ धरला. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने अध्यक्षांनी तो अर्थ बदलू पाहिला: आई तात्पुरत्या परवान्यावर किंवा परवान्याविना असेल आणि बाप नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसेल, तर पुढे जन्मणारे मूल नागरिक नाही. खालच्या न्यायालयांनी आदेश अडविला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न सुनावणीस घेतला. आमच्या धाकट्या नातवास याची झळ नाही, तो आधीच जन्मला. झळ आहे ती थोरलीला, आणि ती या आदेशामुळे नव्हे. २०३० मध्ये तिला २१ वे वर्ष पुरे झाले की, काही वजावटी जमेस धरूनही, ती बापाच्या अर्जातून गळण्याचा संभव आहे. मग तिने परदेशी विद्यार्थिनीचा परवाना घ्यावयाचा, किंवा देश सोडावयाचा. एका ताटात जेवणारी दोन भावंडे. एकास ते घर कोणी काढून घेऊ शकत नाही, आणि दुसरीने त्या घरात शाळेची सारी वर्षे काढूनही ते तिचे नाही.

यात कोणा अधिकाऱ्याचा दोष आम्हांस दिसत नाही. कायद्याने प्रत्येक पायरीवर आपले काम केले आहे. परंतु अमेरिकेच्या विचारवंतांस आमचे एकच विचारणे असते की, मनुष्य नको असेल तर त्यास वेळीच नको म्हणावे; वीस-वीस वर्षे कर घ्यावा, काम घ्यावे, मूल वाढू द्यावे आणि निर्णय मात्र देऊ नये, हा व्यवहार सावकारासही शोभत नाही.

आता निधीच्या प्रस्तावाविषयी आमचे मत. आमच्या शाळेतील एका सहकाऱ्याने मुलासाठी गावाकडील जमीन विकली. मुलाने अभ्यास चोख केला, पदवी घेतली. तंत्रविषयाच्या विद्यार्थ्यास मिळणारी तीन वर्षांची कामाची मुभाही त्याने वापरली. तिन्ही वर्षी सोडतीत नाव निघाले नाही. तो परत आला आणि आज पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. मुलगा नालायक ठरला अशी कुजबूज याच सभागृहात आम्ही ऐकली आहे. चिठ्ठी न निघणे हा काय नालायकपणा झाला? म्हणून आमचे म्हणणे असे की, कर्ज अवश्य द्यावे, विद्येस अडवू नये. परंतु ते पुण्या-मुंबईच्या पगारातून फिटेल इतकेच द्यावे. डॉलरात फिटेल या हिशेबाने देऊ नये. ज्या घराने राहते घर गहाण टाकले असेल त्यास आधी बसवून समजावावे. दलालामार्फत आलेला अर्ज घेऊच नये. आणि परत आलेल्या मुलांपैकी एकदोघांस निवड-समितीवर घ्यावे. त्यांना जे ठाऊक आहे ते आम्हां म्हाताऱ्यांस पुस्तके वाचून कळणारे नाही. तेवढाच निधी जिल्ह्यातील परिचारिका-विद्यालयात आणि तंत्रशाळेत जाणाऱ्या आपल्या मुलींसाठीही ठेवावा, ही सूचना आम्ही लेखी दिलेलीच आहे.

पुतण्याने गेल्या महिन्यात आम्हांस पुण्याच्या महाविद्यालयांची चौकशी करावयास सांगितले. त्याप्रमाणे दोन ठिकाणी जाऊन माहितीपत्रके आणली. मुलीजवळ आपलाच पासपोर्ट आहे. तिला मराठी बोलता येते, वाचता थोडे येते, लिहिताना ऱ्हस्वदीर्घाची फार गफलत होते. रविवारी सकाळी, म्हणजे तिच्याकडे शनिवारची रात्र असते, आम्ही तिला फोनवर शुद्धलेखन घालतो. मागच्या खेपेस पंधरा ओळींत अकरा चुका होत्या, त्याआधी एकोणीस होत्या. चिटणीसांना आम्ही शुद्धलेखनावर बोलावे असे वाटत होते, तर तेवढ्यापुरती त्यांची इच्छा पुरी झाली असे समजावे. अध्यक्षमहाराजांनी घंटा वाजविली आहे.